शून्य इंच, शून्य सेंट

पेन्सिलीचं टोक मोडलं, झालं एवढंच. पण कुंडलिक असा दचकला की समोरच्या टेबलावरचे डॉक्टर सोवनी चष्म्यावरून बघायला लागले. 'काही नाही, टोक मोडलं,' असं म्हणून तो खिशातला चाकू काढून टोक करत बसला, पण नजर काही तक्त्यावरून हलेना. १९ जुलै १९१६. भोर, तीन इंच नव्वद सेंट. भाटघर धरण, चार इंच दहा. वेल्हे, शून्य इंच, शून्य सेंट. अक्षर ओळखीचं होतं. शून्याच्या डोक्यावर बारीक शेपटी होती. कुंडलिकच्या बापाची सगळी शून्यं अशीच शेपटीची. वेल्ह्याच्या सरकारी कचेरीत हरिबा पट्टेवाला होता आणि आवारातलं पर्जन्यमापक तीस वर्षं त्याच्याच हवाली होतं. रोज सकाळी आठाचा तास पडला की बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, इंच लिहायचे, इंचाच्या शंभराव्या भागाला सेंट म्हणतात ते लिहायचे, आणि महिनाअखेर तक्ता पुण्याला धाडायचा. नोकरी सुटली तरी हे काम त्यानं सोडलं नव्हतं. तीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता म्हणे. आणि १९ जुलै १९१६ला वेल्ह्यात पावसाचा टिपूस पडला नाही असं लिहून हा माणूस मोकळा! अहो, धडधडीत खोटं. त्या दिवशी आभाळ फाटलं होतं. पुण्याच्या अख्ख्या कचेरीत हे एकट्या कुंडलिकला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी त्याची आई मेली होती.

हे अडतीस साल. हवामानाच्या कचेरीत कुंडलिक आकडेमोडीचा कारकून होता, आणि डॉक्टर सोवनींना दोन वर्षांपासून एकाच गोष्टीनं झपाटलं होतं. पृथ्वीच्या पार उत्तर टोकाकडचा समुद्र पहिल्यासारखा गोठत नव्हता. तिकडच्या एका बेटावर नॉर्वेवाल्यांनी झोपडी बांधून माणूस बसवला होता, त्याचे तक्ते बोटीनं मुंबईला आणि गाडीनं पुण्याला यायचे. पंचवीस वर्षांत तिथला हिवाळा सात-आठ अंशांनी चढला होता. 'एखाद्या वर्षाचा लहरीपणा नव्हे हा, कुंडलिकराव,' डॉक्टर हात चोळत म्हणायचे, 'तिकडचं हवामानच बदलतंय. आणि हवेला काही कुंपण नसतं. तिकडं बर्फ पातळ झालं तर आपल्या सह्याद्रीच्या पावसाला त्याचा पत्ता लागतो की नाही, ते काढायचंय मला.' त्यासाठी त्यांना घाटमाथ्याचे लांबलचक, न तुटलेले आकडे हवे होते. असे आकडे फार थोड्या ठिकाणी होते. वेल्ह्याला ते 'माझं सोनं' म्हणायचे. त्या सोन्यामागचा माणूस आपला बाप आहे हे कुंडलिकनं कधी सांगितलं नव्हतं. विचारलं नाही, सांगितलं नाही. बापाचा विषय तो बायकोपाशीसुद्धा काढत नसे.

बर्फ त्यानं पाहिलं होतं ते मंडईजवळच्या सरबतवाल्याकडं, भुशात लडबडलेली लादी. तरी त्या बेटाचे आकडे उतरवताना त्याला भर भाद्रपदात बोटं गार पडल्यासारखी वाटायची. तिथला तो माणूस त्याला दिसायचा. चेहरा नव्हता त्याला, नुसती पाठ. अंगावर कातडी, हातात कंदील, अंधारात बर्फावरून यंत्राकडं चाललेला. सकाळी आठाला तिथं अंधारच असतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि रोज तीच पायवाट, वीस वर्षं तेच बर्फ पायाखाली. मग एका फेब्रुवारीत चार दिवस रिकामे होते. चारी घरांत आडवी रेघ, आणि शेवटच्या रकान्यात कारण: झोपडी आणि यंत्र यांच्यामधलं बर्फ फुटलं, पलीकडं जाता आलं नाही. ऐन थंडीत बर्फ फुटतं म्हणजे काय? ज्याच्यावर पाय ठेवून माणूस आयुष्यभर चालला, ते खालून झिजत होतं आणि त्याला कळलं कधी, तर फुटल्यावर. डॉक्टर मात्र खूश. 'याला म्हणतात माणूस! अंदाजपंचे आकडा नाही ठोकला. जागा रिकामी सोडली आणि कारण लिहिलं. रिकाम्या जागेची ज्याला लाज वाटत नाही ना, कुंडलिकराव, त्याचाच आकडा खरा.'

आता तेच डॉक्टर उठून त्याच्या पाठीशी येऊन उभे राहिले होते. त्यांचं बोट भोरवरून भाटघरवर आलं, तिथून वेल्ह्यावर येऊन थांबलं. ते म्हणाले, 'भोरला चार इंच आणि घाटात शून्य? छे! ह्यानं घरात बसून लिहिलंय.' खुर्ची ओढून ते बसले. 'वाईट झालं हो. एकदा ठोकलं त्यानं तीस वर्षांत किती वेळा ठोकलं असेल, कोण सांगणार? काढा वेल्हे. सगळं काढा.' कुंडलिकनं मान हलवली. तांबडी पेन्सिल घेतली. पहिल्या पानावर रेघ मारायला हात टेकवला आणि तो हात तिथंच राहिला. बापाबद्दल त्याला माया होती म्हणावं, तर तसं काही नव्हतं. तरी हात हलेना. 'साहेब, ते माझे वडील,' तो म्हणाला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भला माणूस, मनाला लागेल असं काही बोलला नाही. 'हयात आहेत? मग जा, विचारून या. यंत्र बिघडलं असेल, बाटली फुटली असेल, काही असेल. खरं कारण असेल तर शून्य पुसून रेघ मारू आणि वेल्हे ठेवू. नसेल तर...' त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. 'महिनाअखेर मला निबंध धाडायचाय. चार दिवस घ्या.'

विचारून या म्हणे! बावीस वर्षांत जे विचारलं नाही ते आता विचारायचं, ते सरकारी कामासाठी. स्वारगेटला लॉरीत बसल्यापासून कुंडलिक मनातल्या मनात बापाशी भांडत होता. कात्रजचा घाट चढताना लॉरी धापा टाकत होती, शेजारी कोंबड्यांची पाटी होती, आणि त्याला मात्र वेल्ह्याच्या कचेरीमागची त्यांची खोली दिसत होती. त्या साली आषाढात वेल्ह्यात पटकी आली होती. ओढ्याचं पाणी लाल, गढूळ. आधी खालच्या आळीत दोन माणसं गेली, मग चार. फुलाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, रात्री जुलाब लागले आणि उजाडेपर्यंत तिचे डोळे खोल गेले. हातापायांना वांब येऊन ते आखडत होते. ती एकच शब्द बोलत होती. पाणी. दिवसभर पाणी, दुसरी रात्र पाणी. धोंडाआत्या तिच्या उशाशी ठाण मांडून बसली होती. पटकीच्या माणसाला पाणी दिलं की माणूस गेलंच, हे आत्यालाच काय, साऱ्या गावाला ठाऊक होतं. 'घोट दिऊ नगा रं कुणी, घोट दिलात तर माज्या वयनीला मारलंत,' असं म्हणत ती स्वतःही रडत होती. ओलं फडकं ओठांना लावायची, तेवढंच. आणि आबा, म्हणजे त्याचे वडील, कोपऱ्यात उकिडवे बसलेले, दोन्ही हातांनी कान झाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाचा तास पडला. कुंडलिक नऊ वर्षांचा होता, उंबऱ्यात बसला होता. पाऊस इतका की कचेरीची भिंत दिसत नव्हती. घंटेचे टोले पडले आणि आबा उठले. आईकडं बघितलं नाही, आत्याकडं बघितलं नाही, डोक्यावर इरलंसुद्धा घेतलं नाही. सरळ पावसात निघाले आणि पर्जन्यमापकापाशी जाऊन वाकले. वरचं नरसाळं उचललं. आतली बाटली काढली. बायको मरतीय आणि हा माणूस पाऊस मोजतोय! नऊ वर्षांच्या पोराला तेवढं दिसलं, आणि तेवढ्यात शेजारच्या सारजाबाईनं त्याला बखोटीला धरून आपल्या घरी नेलं. दुपारी परत आणलं तेव्हा आई तिरडीवर होती. त्यानंतर तो बापाशी लागेल तेवढंच बोलत आला. बाराव्या वर्षी शिकायला पुण्याला गेला तो गेलाच. लग्नाला आबा आले, अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी आठाच्या आत परत पोचायचं म्हणून रात्रीच चालत सुटले. काही मुलं बापाच्या घरावर उभी असतात, काही जमिनीवर. कुंडलिक आपल्या रागावर उभा होता. चांगला भक्कम राग, बावीस वर्षांचा. आणि परवा कळलं काय, तर आबांनी त्या दिवशी पाऊस मोजलाच नव्हता. शून्य लिहिलं होतं. मग तिथं वाकून हा माणूस करत काय होता?

नसरापूरला लॉरीतून उतरून तो चालायला लागला. विंझरला एका दुकानाच्या फळीवर टेकून पाणी प्यायला. खाचरांत भात निसवलं होतं, उजवीकडं तोरणा निम्मा ढगात होता. पाणी पिताना त्याला एकदम गेल्या सालची गोष्ट आठवली. शुक्रवार पेठेत पटकीचे दोन-तीन जण सापडले तेव्हा दवाखान्याचा डॉक्टर घरोघर फिरून सांगत होता, 'पाणी तोडू नका. उकळून गार केलेलं पाणी मागेल तेवढं पाजा. पटकीनं माणूस मरतं ते पाण्यावाचून सुकून.' तेव्हा कुंडलिकनं ऐकलं होतं आणि मान हलवून दार लावलं होतं. रात्रभर मात्र झोपला नव्हता. आत्या मरून गेली होती, तिला जाब विचारण्यात अर्थ नव्हता. तिनं काय, जीव लावूनच केलं होतं सगळं. तांब्या खाली ठेवून तो परत चालायला लागला.

वेल्ह्यात पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा ओट्यावर बसून मापाची काच फडक्यानं पुसत होते. वाळले होते फार. डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, त्यामुळं मान वाकडी करून बघत होते. 'कोन? कुंडलिक? सारं ठीक हाय न्हवं?' उठू लागले. 'बसा आबा, ठीक हाय,' असं म्हणून तो पायरीवर बसला. पुण्याची भाषा कात्रजपलीकडंच राहिली होती. आबांनी भाकरी केली, वरण केलं. जेवताना सुनेचं विचारलं, पोरांचं विचारलं. कुंडलिकनं प्रत्येक प्रश्नाला एकेक शब्द दिला. शेवटी हात धुतल्यावर त्यानं खिशातून कागद काढला. त्यावर त्या महिन्याचे आकडे उतरवून आणले होते.

'आबा, सोळा सालच्या जुलैची येकोनीस तारीख. तुमी शून्य लिवलंय.'

आबांनी कागद डोळ्याजवळ नेला, लांब नेला. वाचायची गरज नव्हती त्यांना, ते कुंडलिकला दिसत होतं.

'व्हय. म्याच लिवलंय.'

'पाऊस कोसळत हुता आबा. भोरात चार इंच झाला. आता सायेब म्हंत्यात, वेल्ह्याचं समदंच खोटं. तीस वर्सांचं काढून टाकायचं म्हंत्यात.'

'खोटं न्हाई त्ये,' आबा एकदम ताठ बसून म्हणाले. 'आठाला बाटलीत जेवढं आसंल तेवढं लिवायचं, आसा हुकूम. अंदाजानं लिवायचं न्हाई. म्या वही घिऊन बसलो तवा बाटली रिकामी हुती. शून्य लिवलं.'

'पर आठाला तुमी तितंच हुता. म्या बघितलं तुमास्नी. बाटली काढली तुमी.'

आबा काच परत फडक्यात घेऊन पुसायला लागले. पुसून लख्ख झालेली काच पुसतच राहिले. कचेरीत सहाचे टोले पडले तसे त्यांनी डोकं वर केलं, आणि कुंडलिककडं न बघता बोलायला लागले.

'वड्याचं पानी घान. घरातल्या घागरी धोंडीनं उपड्या घातलेल्या, कुनी दिऊ नये म्हून. तुजी आय बोलायची ऱ्हायली हुती. नुसतं त्वांड उघडायची आन् मिटायची. आठाचे टोलं पडलं आन् माज्या ध्यानात आलं, बाटलीत आभाळाचं पानी आसंल. निवळशंक. आनली बाटली. धोंडी आडवी पडली. म्या तिला ढकलली रं, भनीला ढकलली. आन् फुलीचं डोकं मांडीवर घिऊन समदी बाटली पाजली. लई पानी हुतं. समदं प्याली. माज्याकडं बघून हासली बग, शप्पत, हासली. आन् घटकाभरात गेली.'

पावसात वाकलेली ती पाठ बावीस वर्षं कुंडलिकनं जपून ठेवली होती, आणि ती पाठ आता वळून त्याच्याकडं बघत होती.

'रिकामी जागा सोडायची, आबा,' शेवटी तो कसंबसं म्हणाला. 'रेघ मारायची हुती.'

'रेघ मारली की फुडं कारन लिवावं लागतं. काय लिवू? समद्या गावानं सांगितलं पानी नगं, आन् म्या पाजलं आन् ती गेली, ह्ये लिवू? म्या मारली तिला, ह्ये सरकारी वहीत लिवू?' त्यांचा आवाज फाटला. 'शून्याला कारन लागत न्हाई.'

किती सोपं होतं आता! बावीस वर्षं हा म्हातारा ज्या ओझ्याखाली वाकला ते एका वाक्यात उतरवता येत होतं, आणि ते वाक्य कुंडलिकजवळ होतं. विंझरपासून वागवत आणलं होतं त्यानं. बापाचा हात त्यानं आपल्या हातात घेतला, किती वर्षांनी, आणि घाईघाईनं, लहान पोरासारखा बोलत सुटला. 'आबा, तुमी न्हाई मारलं. ऐका माजं. पटकीच्या मान्साला पानी द्यायाच पायजे. पुन्याचं डाक्टर सांगत्यात, शास्त्र हाय त्ये. पान्यावाचून मानूस जातं. पान्यानं न्हाई गेली आय. तुमी बराबर क्येलं, आबा, आक्शी बराबर क्येलं.'

आबांनी मान वाकडी करून चांगल्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं. 'शास्त्र हाय?'

'व्हय आबा.'

'पानी दिलं तर वाचतं?'

'वाचतं. पुष्कळ वाचत्यात.'

आबा हळूच हसल्यासारखं करू लागले आणि ते हसू अर्ध्यातच थांबलं. कुंडलिकच्या हातातला हात गार पडत गेला. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं त्यांनी केलं. ती एक रात्र, तो दिवस, पुन्हा रात्र.

'मंग आदीच द्याया पायजे हुतं,' ते म्हणाले. 'दीड दीस मागत हुती.'

कुंडलिक बोलत राहिला. कुणालाच ठाऊक नव्हतं, आत्याला नव्हतं, डॉक्टरांनाही तेव्हा कुठं नीट ठाऊक होतं, उशिरा दिलेलं पाणीसुद्धा... आबा ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. दीड दिवस त्या कोपऱ्यात कान झाकून बसले होते ते, आणि आता हात मांडीवर होते, कान उघडे होते. शहाणपण शिकून आला होता ना पोरगा! बापाच्या पायाखाली एक खोटं होतं, पण बाप त्यावर बावीस वर्षं उभा राहू शकला होता: पाणी दिलं ते चुकलं. ते त्यानं आपल्या हातानं फोडलं, मायेपोटी फोडलं, आणि खाली किती खोल आहे ते बघितलंच नाही.

सकाळी आठाला आबा रोजच्यासारखे उठले. बाटली कोरडी होती. आकडा कुंडलिकला लिहायला सांगितला, त्यानं लिहिला. निघताना पाया पडला तर आबा म्हणाले, 'पोरास्नी पानी उकळून देत जा,' आणि पाठ फिरवून काच ठेवायला आत गेले.

पुण्याला आल्यावर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कुंडलिकला सांगता आलं नाही. तोंड उघडायचा आणि मिटायचा. 'थोडे दिवस द्या साहेब,' एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी दिले. त्यानं परत त्या बेटाचे तक्ते पुढं ओढले आणि उणे अंशांच्या बेरजा करत बसला. दर वर्षी बेरीज थोडी वर सरकत होती. माणसाची पाठ आता त्याला दिसत नव्हती, नुसतं बर्फ दिसायचं, वरून पांढरंशुभ्र, आणि त्याखालचं काळं पाणी.

महिनाअखेरीला वेल्ह्याचा तक्ता टपालानं आला. कुंडलिक निघाला त्या तारखेपुढं त्याचं स्वतःचं अक्षर होतं. दुसऱ्या दिवशी भोरला एक इंच वीस सेंट झाला होता. वेल्ह्याला आडवी रेघ होती. कारणाच्या रकान्यात आबांनी लिहिलं होतं, 'मोजायला गेलो नाही.' त्यापुढचे सगळे दिवस जागच्या जागी होते. आणि खाली, सहीच्या खाली उरलेल्या जागेत, ओळ वाकडी गेलेली, एका डोळ्यानं लिहिलेली:

'सन १९१६ जुलै ता. १९. शून्य खोडावे. पाणी आजारी माणसास पाजले. देण्यास उशीर झाला.'

डॉक्टर सोवनींनी ते दोनदा वाचलं. जुना तक्ता काढून कुंडलिकपुढं ठेवला, आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. कुंडलिकनं चाकूनं शून्य खरवडलं. शेपटीसकट निघालं ते. मागं कागद इतका पातळ झाला की खालच्या पानावरचा आकडा त्यातून दिसायला लागला. तिथं त्यानं जपून एक रेघ मारली आणि कारणाच्या रकान्यात आबांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं.